घरातली विजेची खरखर आणि स्पाइक : उगम कसा शोधावा, बंदोबस्त कसा करावा

दिव्याचं बटण बंद केलं की कॉम्प्युटरचा पडदा क्षणभर काळा होतो. चार्जिंगला लावलेल्या फोनचा टच भलतीकडेच लागतो आणि चार्जर काढला की ठीक होतो. इंटरनेट दिवसभर नीट चालतं, संध्याकाळी दिवे लागले की तुटायला लागतं. स्पीकरमधून अधूनमधून ‘टक्’ असा आवाज येतो. यातलं काही तुमच्या घरी होत असेल, तर ज्या उपकरणाला त्रास होतोय ते बहुतेक वेळा धडधाकट असतं. त्रास देणारं दुसरंच कुणीतरी त्याच वायरिंगवर बसलेलं असतं.

अशा वेळी लोक आधी काहीतरी विकत आणतात. कुणी स्टॅबिलायझर, कुणी ‘सर्ज’ लिहिलेला एक्स्टेंशन बोर्ड, कुणी यूपीएस. माझ्या घरी मी हा सगळा शोध मुळापासून केला आहे आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझं सांगणं एवढंच, की आधी उगम शोधा आणि खर्चाचं मग बघा. बऱ्याच घरांत उगम म्हणजे एखादा अडॅप्टर किंवा एखादा सैल स्क्रू असतो.

१. आधी दोन दुखणी वेगळी करा

२३० व्होल्टचा पुरवठा म्हणजे वायरमधला दाब (व्होल्टेज) सतत २३० नसतो. तो दर आवर्तनात दोन्ही बाजूंना सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो आणि उतरतो. या लहरीवर दोन वेगळ्या गोष्टी स्वार होतात.

पहिली म्हणजे स्पाइक. सेकंदाच्या काही लाखाव्या भागापुरता उसळणारा उंच टोकदार दाब, शेकडो व्होल्टचा आणि कधी हजारांतला. मोटर, चोक, रिले (विजेने चालणारा स्विच), ट्रान्सफॉर्मर अशा प्रत्येक वेटोळ्यात चालू करंट असताना चुंबकीय ऊर्जा साठलेली असते. बटण बंद करून तो करंट एकदम तोडला की ती ऊर्जा कुठेतरी जायला बघते. बटणाच्या पट्ट्यांमध्ये ठिणगी पडते आणि दाब उसळतो. जितक्या झटक्यात करंट तोडाल, तितकी उसळी मोठी.

दुसरी म्हणजे खरखर, म्हणजे इलेक्ट्रिकल नॉइज. हिची उंची कमी असते, पण ती सतत चालू राहते आणि तिची वारंवारता हजारो-लाखो हर्ट्झमध्ये असते. तिच्यामुळे सहसा काही जळत नाही. मात्र रेडिओ, मोडेम, टचस्क्रीन, ऑडिओ यांचं काम बिघडतं.

दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. स्पाइक कापणारा सुटा भाग खरखरीला हात लावत नाही आणि खरखर अडवणारा फेराइटचा मणी (वायरीवर बसवायचा चुंबकीय पदार्थाचा तुकडा) स्पाइकला थांबवत नाही. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

थोडा धीर देणारी गोष्टही सांगतो. २३० व्होल्टवर चालणारी नेहमीची घरगुती उपकरणं आंतरराष्ट्रीय मानकांनुसार साधारण २५०० व्होल्टचा क्षणिक आघात सोसतील अशा हिशेबाने बनवलेली असतात. त्यामुळे पंखा बंद केल्यावर उठलेल्या एका स्पाइकने टीव्ही जाणार नाही.

२. हाताशी काय हवं

- बॅटरीवर चालणारा, मीडियम वेव्ह असलेला जुना रेडिओ. या कामात यापेक्षा उपयोगी वस्तू मला मिळालेली नाही.
- टेस्टर आणि साधा मल्टिमीटर.
- तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर, म्हणजे फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग जागच्या जागी आहेत का ते प्लग लावताच कळतं.
- कोणता एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) कोणत्या खोलीचा, याचा तक्ता. बोर्डावर चिकटवलेला नसेल तर आधी तोच करा.
- उपकरणांची माहितीपुस्तकं आणि मागच्या लेबलांचे फोटो. व्होल्टेज, करंट आणि अर्थिंगची गरज त्यावर लिहिलेली असते.
- मोडेमच्या सेटिंगमधलं लाइनच्या चुका दाखवणारं पान, इंटरनेटची तक्रार असेल तर.
- वही आणि घड्याळ.
- क्लिपवाले दोन-चार फेराइट मणी. हे शेवटी लागतील.

मल्टिमीटरवर स्पाइक दिसेल अशी आशा ठेवू नका. तो दाबाची सरासरी काढून सेकंदाला दोन-चारदा आकडा बदलतो. स्पाइक त्याआधीच येऊन गेलेला असतो. आणि ऑसिलोस्कोप (दाबाची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) असला तरी त्याच्या प्रोबची अर्थ क्लिप मेनच्या वायरला लावू नका. ती आतून थेट अर्थिंगला जोडलेली असते, शॉर्टसर्किट होईल.

३. अर्थिंग आणि लूज कनेक्शन पहिल्यांदा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक गाळतात. कृपया गाळू नका, कारण पुढचे निम्मे उपाय अर्थिंगशिवाय चालतच नाहीत.

घरातला प्रत्येक सॉकेट टेस्टरने तपासा आणि वहीत लिहा. एक लक्षात ठेवा, हा टेस्टर अर्थिंगची वायर जोडलेली आहे का एवढंच सांगतो. ती अर्थिंग कितपत चांगली आहे ते मोजायला वायरमनला त्याचं मीटर घेऊन बोलवावं लागतं.

लॅपटॉपच्या किंवा कॅबिनेटच्या धातूवरून हात फिरवताना मुंग्या आल्यासारखं वाटतं का? बऱ्याच पॉवर सप्लायमध्ये खरखर अर्थिंगकडे वळवायला फेज आणि न्यूट्रलपासून अर्थिंगला एकेक छोटा कपॅसिटर असतो. अर्थिंग तुटलेलं असलं की या दोन कपॅसिटरांच्या मधोमध असलेली धातूची बॉडी पुरवठ्याच्या साधारण निम्म्या दाबावर तरंगते. करंट अगदी किरकोळ असतो, म्हणून फक्त मुंग्या येतात. दोन पिनांच्या अडॅप्टरवर असं थोडंसं जाणवणं नेहमीचं आहे. पण तीन पिनांचा प्लग लावूनही जाणवत असेल तर त्या सॉकेटचं अर्थिंग गेलेलं आहे असं धरून चाला.

आता लूज कनेक्शन. एखादा प्लग गरम होतो, सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी डाग आहे, बटणातून बारीक चुरचुर ऐकू येते, प्लग हलवला की दिवा लुकलुकतो. अशा ठिकाणी आत ठिणग्या पडत असतात. त्या खरखर पसरवतात आणि आगही लावू शकतात. तो सॉकेट ताबडतोब वापरातून काढा आणि वायरमनकडून बदलून घ्या. बाकीचा शोध त्यानंतर.

एक लक्षण मात्र वेगळं ओळखायला शिका. मोठं उपकरण चालू केल्यावर घरातले काही दिवे मंद आणि त्याच वेळी काही दिवे जास्त प्रखर होत असतील, तर तो स्पाइकही नाही आणि खरखरही नाही. तो न्यूट्रल सैल झाल्याचा इशारा असू शकतो. थ्री-फेज पुरवठ्यात न्यूट्रल तुटला तर २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास दाब मिनिटामिनिटांपर्यंत उपकरणांवर बसतो. तिथे स्पाइक कापणारा भाग स्वतःच जळतो. मेन बंद करा आणि वायरमनला व वीज कंपनीला त्याच वेळी कळवा.

४. रेडिओ हातात घेऊन घर फिरा

रेडिओवर का ऐकायचं? मीडियम वेव्हचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झचा आहे. तांब्याच्या टेलिफोन वायरवरून येणारं एडीएसएल २ प्लस इंटरनेट साधारण २.२ मेगाहर्ट्झपर्यंतची जागा वापरतं, म्हणजे हा पूर्ण पट्टा त्याच्या पोटात येतो. मोडेमला जे छळतं ते रेडिओ तुम्हाला ऐकवतो. इंटरनेट फायबरचं असेल तर काचेतून खरखर शिरत नाही, पण त्या डब्याच्या अडॅप्टरमधून शिरू शकते.

असं करा:

अ. रेडिओ बॅटरीवर, मीडियम वेव्हवर, स्टेशन नसलेल्या रिकाम्या जागी लावा. आवाजाची घुंडी एका जागी ठेवा आणि मग ती हलवू नका.

आ. कॉम्प्युटर नीट बंद करा. मग घराचा मेन स्विच बंद करा. खरखर गेली तर उगम घरात आहे. राहिली तर बहुधा बाहेर. इथे एक हमखास चकवा आहे. यूपीएस आणि इन्व्हर्टर मेन बंद झाल्यावरच जोरात कामाला लागतात, आणि त्यांची स्वतःची खरखर मोठी असते. तेही बंद केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

इ. मेन चालू करा आणि एकेक एमसीबी बंद करत जा. ज्या एमसीबीला आवाज पडेल, ती खोली तुमची.

ई. त्या खोलीत एकेक प्लग काढा. उपकरणाचं बटण बंद करणं पुरेसं नाही.

याचं कारण एका उदाहरणावरून कळेल. माझ्याकडे एका खोलीतली खरखर सगळी बटणं बंद करूनही जात नव्हती. रेडिओ भिंतीलगत सरकवत नेला तसा आवाज चढत गेला आणि पलंगामागच्या सॉकेटपाशी तो इतका वाढला की दुसरं काही ऐकू येईना. तिथे वाचनाच्या एलईडी दिव्याचा अंगठ्याएवढा अडॅप्टर होता. दिवा बंद होता खरा, पण दिव्याचं बटण अडॅप्टरच्या पुढच्या वायरवर होतं. अडॅप्टर दिवसरात्र जिवंतच. तो उपटला आणि रेडिओ शांत झाला.

अडॅप्टरची खरखर ओळखायची एक खूण आहे. रेडिओची सुई हळूहळू फिरवा. आवाज सगळीकडे सारखा नसतो, ठरावीक अंतरावर उंचवटे लागतात. चार्जरमध्ये ६५ किलोहर्ट्झच्या आसपासची स्विचिंग वारंवारता, म्हणजे आतला करंट चालू-बंद होण्याची गती, नेहमी दिसते. तिच्या पटी ५८५, ६५०, ७१५ अशा पडतात आणि तिथे तिथे रेडिओ गुरगुरतो. अडॅप्टर तापला की हे उंचवटे जरा सरकतातही.

रेडिओ फिरवून दिशाही कळते. आतली काळी फेराइटची कांडी टोकाकडून उगमाकडे आली की आवाज पडतो. अगदी जवळ गेल्यावर मात्र ही युक्ती फसते, कारण तिथे भिंतीतल्या वायरीच अँटेना बनलेल्या असतात. मग फक्त आवाज कुठे चढतो तेवढंच बघा.

फ्रिज, पाण्याचा पंप, गीझर ही उपकरणं आपणहून चालू-बंद होतात. त्यांच्यासाठी घाई उपयोगाची नाही. रेडिओ चालू ठेवून ‘टक्’ कधी येतो ती वेळ लिहा, मोडेम कधी तुटला ती वेळ त्याच्या शेजारी लिहा. दोन रकाने जुळले की उत्तर मिळतं.

५. नेहमी सापडणारे उगम

*कार्बन ब्रशच्या मोटरी.* मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर, ड्रिल. ब्रश आणि फिरणारा कॉम्युटेटर यांच्यामध्ये सतत ठिणग्या पडतात. हाइनरिख हर्ट्झने १८८७ साली ठिणगीतूनच रेडिओ लहरी निर्माण करून दाखवल्या होत्या, तेच इथे घडतं. म्हणून ही खरखर एका वारंवारतेला न राहता सगळ्या पट्ट्यावर पसरते. पूर्वीपेक्षा आवाज वाढला, मोटरच्या फटीतून निळसर ठिणग्या ठळक दिसायला लागल्या, की ब्रश झिजलेले असतात. ब्रश बदलून घेतले की खरखर पुष्कळ उतरते आणि मोटरही वाचते.

*फ्रिज, पंप, एसीचे कॉम्प्रेसर.* ब्रश नाहीत, त्यामुळे चालू असताना शांत. पण सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट करंट ओढतात आणि थर्मोस्टॅट किंवा रिलेने तोडताना स्पाइक सोडतात.

*चोक-स्टार्टरची ट्यूबलाइट.* हिची रचनाच स्पाइकवर उभी आहे. स्टार्टर उघडला की चोक उसळी मारतो आणि त्या दाबाने ट्यूब पेटते. जुनी ट्यूब पेटायला धडपडत राहिली तर हे पुन्हा पुन्हा होत राहतं. ट्यूब-स्टार्टर लगेच बदला.

*डिमर आणि पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर.* ट्रायॅकवाला (म्हणजे आत झटक्यात चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच असलेला) रेग्युलेटर ५० हर्ट्झच्या प्रत्येक अर्ध्या लहरीचा तुकडा कापतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा तीव्र धक्का. घुंडी निम्म्यावर असताना तो लहरीच्या शिखरावर, ३२५ व्होल्टवर कापतो आणि खरखर सगळ्यात जास्त येते. घुंडी फिरवताना रेडिओचा आवाज बदलला तर संशय संपला. पंख्यासाठी टप्प्याटप्प्याने फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर बसवा. तो लहर कापत नाही, म्हणून खरखर करत नाही आणि पंखाही कमी घुमतो.

*अडॅप्टर, चार्जर, एलईडी ड्रायव्हर.* आजच्या घरातला सगळ्यात मोठा गट हाच. रेडिओच्या अडथळ्यांवर काम करणारी सिस्प्र ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ पासून आहे. तिच्या मानकांत वायरीवरून बाहेर पडणाऱ्या खरखरीवर १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात मर्यादा घातलेली आहे. ती पाळायची तर आत एक फिल्टरची वेटोळी आणि कपॅसिटर लागतात. हलक्या मालात हेच भाग गाळलेले असतात. सर्किट बोर्डवर वेटोळ्याची जागा छापलेली असते आणि तिथे नुसता वायरचा तुकडा डकवलेला असतो. फोनचा टच चार्जिंगलाच बिघडण्यामागे बहुधा असा चार्जर असतो.

मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असताना वायफाय रडतो, ती गोष्ट निराळी. तिथे २.४ गिगाहर्ट्झची गळती हवेतून येते, वायरिंगमधून नाही. राउटर ५ गिगाहर्ट्झवर घ्या, विषय संपतो.

६. खरखरीचा बंदोबस्त उगमापाशी करा

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दोषी वस्तू बदलणं. ते जमत नसेल तर त्रास होणारं उपकरण वेगळ्या एमसीबीच्या सॉकेटवर न्या आणि मोडेमची वायर मेनच्या वायरीला चिकटून धावू देऊ नका.

त्यानंतर फेराइट. मणी दोषी अडॅप्टरच्या अगदी जवळ बसवा, दूरच्या टोकाला नाही. दोन्ही वायरी एकत्रच आतून गेल्या पाहिजेत. आणि वायर एकदाच ओवण्यापेक्षा तीन वेढे घ्या, कारण परिणाम वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. तीन वेढ्यांना साधारण नऊपट. म्हणून वायरच्या जाडीपुरता बारीक मणी घेऊ नका, तीन वेढे मावतील असा मोठा घ्या.

बटण बंद करताना पडद्याला झटका बसत असेल, तर त्या पंख्याला किंवा चोकला समांतर स्नबर, म्हणजे उसळी शोषणारी रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी, लावता येतो. साधारण १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एकामागोमाग जोडलेले. कपॅसिटर एक्स२ प्रकारचा, मेनवर वापरण्यासाठी प्रमाणित असाच हवा. साधा कपॅसिटर इथे फुटतो किंवा पेटतो. हे काम वायरमनकडून करून घ्या. स्नबर बटणाच्या दोन टोकांना लावला तर बटण बंद असतानाही त्यातून थोडा करंट जातो आणि त्या वायरवरचा एलईडी मंद तेवत राहतो, म्हणून तो लोडला समांतर असावा.

फिल्टर असलेली उपकरणं अर्थिंगमध्ये थोडी गळती सोडतात. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थिंगकडे करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) १५ मिलिअँपिअरच्या पुढे कधीही पडू शकतो. त्यामुळे एकाच आरसीसीबीवर अनेक कॉम्प्युटर आणि फिल्टर बोर्ड लावले, की विनाकारण पडल्यासारखा वाटतो. तेव्हा आरसीसीबी काढून टाकू नका, लोड दोन आरसीसीबींवर विभागून घ्या.

७. स्पाइकसाठी काय घ्यायचं

एमसीबी स्पाइक थांबवत नाही, आरसीसीबीही नाही. स्टॅबिलायझरचा रिले बदलायलाच मिलिसेकंद लागतात आणि तो रिले स्वतः ठिणगी पाडतो.

हे काम एमओव्ही करतो. ही निळी किंवा पिवळी चपटी चकती दाब वाढला की काही नॅनोसेकंदांत वाहायला लागते. २३० व्होल्टसाठी २७५ व्होल्ट एसीची चकती नेहमी वापरतात आणि ती स्पाइक साधारण ७१० व्होल्टवर कापते. १२० व्होल्टच्या देशांसाठी बनवलेला बोर्ड २३० वर लावू नका, त्याची चकती लगेच जळते.

खोक्यावर चार गोष्टी बघा. फेज-न्यूट्रलबरोबर अर्थिंगच्या दोन्ही बाजूंनाही संरक्षण आहे का, चकतीला थर्मल फ्यूज आहे का, संरक्षण शिल्लक आहे हे दाखवणारा दिवा आहे का आणि किती व्होल्टवर कापतो ते छापलेलं आहे का. प्रत्येक मोठ्या आघाताने चकती झिजते. दिवा विझला म्हणजे बोर्ड वीज देत राहील, पण संरक्षण संपलेलं असेल.

मुख्य बोर्डात एसपीडी (सगळ्या घरासाठीचं स्पाइक कापणारं उपकरण) बसवणार असाल तर वायरमनपाशी उभे राहा आणि त्याच्या जोडवायरी आखूड ठेवायला सांगा. दर मीटर वायरीत साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) असतं. मायक्रोसेकंदाला हजार अँपिअरने चढणारा करंट त्यातून गेला तर त्या एक मीटरवरच हजार व्होल्ट उभे राहतात आणि चांगला एसपीडी वाया जातो. दोन्ही बाजूंची मिळून अर्ध्या मीटरपेक्षा जास्त वायर नको.

कॉम्प्युटरला मेन संरक्षित आणि नेटवर्कची तांब्याची वायर उघडी, असंही ठेवू नका. आघात त्या वायरीतूनही येतो. विजांचं वादळ जवळ येताना दिसलं तर प्लग आणि ती वायर दोन्ही काढून ठेवा. कडकडाट डोक्यावर आल्यावर मात्र वायरींना हात लावायला जाऊ नका.

८. खरखर बाहेरून येत असेल तर

मेन, यूपीएस, इन्व्हर्टर सगळं बंद करूनही रेडिओ खरखरत असेल, तर तो बॅटरीवर बाहेर घेऊन जा आणि आवाज कोणत्या बाजूला चढतो ते बघा. शेजारच्या घरापाशी चढला तर वही घेऊन शेजाऱ्यांशी बोला. त्यांच्या अडॅप्टरवर रेडिओ धरून दाखवला की वाद होत नाही. विजेच्या खांबापाशी चढला, त्यातही हवा कोरडी असताना किंवा वारा असताना वाढला आणि पाऊस पडल्यावर बदलला, तर खांबावरचं सैल जोड किंवा इन्सुलेटर संशयित असतो. खांबाला हात लावू नका, तो ठोकून बघू नका.

वीज कंपनीकडे तक्रार करताना खांबाचा क्रमांक, तारीख, वेळ, हवामान आणि मेन बंद असतानाही आवाज राहतो ही नोंद लेखी द्या. इंटरनेट कंपनीला मोडेमच्या चुकांच्या पानाचे फोटो आणि तुमचे वेळेचे दोन रकाने द्या. तक्रार क्रमांक घ्या आणि दुरुस्तीनंतर रेडिओ त्याच जागी, घुंडी तेवढ्याच आवाजावर ठेवून पुन्हा ऐका.